थंडीत पोट खरोखर भरेल असे जेवण : तुम्ही काय शिजवता?

वाफाळती वाटी (प्रश्न)

थंडी सुरू झाली की आमच्या घरी रात्रीच्या जेवणाचा प्रश्न दर वर्षी नव्याने उभा राहतो. उन्हाळ्यात सहज चालून जाणारे हलके जेवण या दिवसांत कोणालाच पुरत नाही. गरम काही हवे म्हणून भाज्यांचे सूप केले, तर खाताना सगळे खूष असतात, परंतु दोन तासांनी एकेक जण स्वयंपाकघरात येऊन डब्यांची झाकणे उघडून पाहू लागतो. यावर उपाय म्हणून गेले काही आठवडे मी त्याच सुपात लोणी आणि साय सढळ हाताने घालू लागले. त्याने पोट भरले असे म्हणण्यापेक्षा पोट जड झाले असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल, कारण अंगात सुस्ती येते आणि भूक मात्र ठरल्या वेळी पुन्हा लागते.

माझी अडचण नेमकी सांगते. आम्ही घरात चौघे आहोत. मी स्वतः मांसाहार करत नाही, बाकीचे करतात. संध्याकाळी घरी पोहोचायला सात वाजतात, त्यामुळे आठवड्यातले पाच दिवस तासाभरात जेवण तयार व्हावे लागते. रविवारी मात्र तीन-चार तास पातेल्यापाशी काढायला मला आवडते. ओव्हन नाही. एक जाड बुडाचे मोठे पातेले आणि एक प्रेशर कुकर एवढीच सामग्री आहे. एकाच भांड्यात शिजणारे, वाटीभर खाल्ले तरी सकाळपर्यंत पुरणारे आणि दुसऱ्या दिवशीही चांगले लागणारे असे काय करता येईल? नुसती यादी नको आहे. सुपात चुकते काय, तेही कोणी समजावून सांगितले तर फार बरे होईल.

मंद आच

तुमच्या सुपात चूक अशी काही नाही, त्याच्याकडून अपेक्षा मात्र चुकीची आहे. भाज्यांचे सूप म्हणजे बहुतांशी पाणी आणि थोड्या भाज्या. ते पोटाला ऊब देते, पण त्यात फार वेळ टिकून राहील असे थोडेच असते. भूक लांबवण्याचे काम प्रामुख्याने प्रथिने आणि तंतू करतात, आणि हे दोन्ही एकत्र हवे असतील तर कडधान्यांसारखा सोपा मार्ग नाही. कोरड्या मसुरात शंभर ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅमहून अधिक तंतू असतात. तुम्ही घातलेल्या लोण्याने सुपातील ऊर्जा वाढली हे खरे, कारण एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ किलोकॅलरी मिळतात आणि प्रथिनांतून किंवा पिष्टातून ४, परंतु तेवढ्याने जेवण भरीव झाले असे होत नाही. शिवाय अन्न पचवताना शरीरात जी उष्णता निर्माण होते, तिच्यातही प्रथिनांचा वाटा मोठा असतो : प्रथिनांतील ऊर्जेपैकी साधारण २० ते ३० टक्के पचनातच खर्च होते, तर स्निग्धांशाच्या बाबतीत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या वर क्वचितच जाते. थंडीत भरपेट जेवल्यावर अंगात हळूहळू ऊब चढते ती काही अंशी यामुळेच.

आता माझे रविवारचे पातेले सांगतो. २५० ग्रॅम पांढरा घेवडा रात्रभर भिजवावा. भिजवण्याच्या पाण्यात लिटरमागे चमचाभर मीठ घालावे. मिठाने कडधान्य कडक होते, अशी समजूत सर्वत्र आहे आणि मीही ती अनेक वर्षे पाळली. प्रत्यक्षात भिजवताना मीठ असेल तर सालीतील कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमची जागा काही प्रमाणात सोडिअम घेते आणि साल फुटून न निघता मऊ होते. सकाळी ते पाणी ओतून टाकावे. पातेल्यात तेलावर दोन मोठे कांदे अगदी सावकाश, वीस मिनिटे तरी, तांबूस होईपर्यंत परतावेत. या वीस मिनिटांत घाई केली तर पुढच्या तीन तासांत ती भरून निघत नाही. मग लसणाच्या सहा-सात पाकळ्या, एक तमालपत्र, थोडी मिरी, घेवडा आणि सुमारे दोन लिटर पाणी. एक चांगली उकळी दहा-पंधरा मिनिटे काढून नंतर आच इतकी मंद करावी की पाण्यावर कुठेतरी एखादाच बुडबुडा यावा.

घेवडा शिजत आला हे ओळखण्याची माझी पद्धत अशी : चमच्यात दोन दाणे घेऊन त्यांवर हलकी फुंकर मारावी. साल सुरकुतून वर उचलली गेली, तर आता फार वेळ उरलेला नाही. त्या टप्प्यावर १०० ग्रॅम जव, म्हणजे सोलून गुळगुळीत केलेली बार्ली, घालावी. तिला पाऊण तास पुरतो आणि ती आपल्या तिपटीइतके पाणी पिते, म्हणून बाजूला गरम पाणी ठेवावे. तिच्यानंतर वीस मिनिटांनी गाजर, सलगम, बटाटा अशी कंदमुळे मोठ्या फोडी करून घालावीत. टोमॅटो, लिंबू किंवा आंबट असे काहीही मात्र कडधान्य पूर्ण मऊ झाल्यावरच. आम्लामुळे दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन विरघळायला नकार देते आणि घेवडा जिथल्या तिथे अडून बसतो.

शेवटी दोन पळ्या शिजलेला घेवडा बाहेर काढून चांगला घोटावा आणि परत पातेल्यात सोडावा. सायीने येणारा दाटपणा उसना असतो. हा त्या पातेल्याचा स्वतःचा आहे. खाली उतरवल्यावर वरून तेलात लालसर केलेला लसूण आणि थोडा लिंबाचा रस घाला. एवढ्यात चौघांची दोन जेवणे होतात.

सात वाजता घरी

वरील पातेले उत्तम आहे यात शंका नाही, परंतु प्रश्न विचारणाऱ्या ताईंना पाच दिवस तासाभरात जेवण हवे आहे, हे लक्षात घ्यायला हवे. मी आठवड्यात केवळ अख्खे मसूर वापरते. ते भिजवावे लागत नाहीत आणि उघड्या पातेल्यातही पंचवीस-तीस मिनिटांत शिजतात. कांदा, आले आणि गाजर परतून घ्यायचे, मसूर आणि पाणी घालायचे, दहा मिनिटांनी बटाट्याच्या फोडी आणि शेवटच्या पाच मिनिटांत बारीक चिरलेला कोबी किंवा पालक. सोबत पावाचा जाड तुकडा किंवा भात. भिजवायचे राहून गेले, या सबबीला इथे जागाच उरत नाही.

हाडांचा रस्सा

घरातील बाकीचे मांसाहार करतात असे लिहिले आहे, म्हणून त्यांच्या वतीने लिहितो. थंडीत करायचे माझे सर्वांत आवडते जेवण म्हणजे हाडांसकट मांसाचा, तीन तास मंद शिजलेला दाट रस्सा. त्यासाठी महागडा, कोवळा तुकडा घेणे ही पहिली आणि सर्वांत सामान्य चूक. पायाचा खालचा भाग, मान किंवा खांदा असे सतत हालचाल करणारे, चिवट तुकडे घ्यावेत. त्यांच्यात स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजेन भरपूर असते. ७० अंश सेल्सिअसच्या वर तासन्‌तास ठेवल्यास त्याचे जिलेटिन बनते, आणि ओठांना किंचित चिकटणारा तो रस्सा जिलेटिनमुळेच तसा होतो. कोवळ्या तुकड्यात हे जवळपास नसतेच, त्यामुळे तो तीन तास शिजवला की कोरडा दोरा होतो.

किलोभर मांस पुसून कोरडे करावे आणि तापलेल्या पातेल्यात तीन हप्त्यांत, तुकड्यांना मोकळी जागा देऊन खरपूस करावे. सगळे एकदम ओतले तर त्यांतून सुटणाऱ्या पाण्याने पातेले थंड पडते आणि मांस भाजण्याऐवजी राखाडी होऊन उकडू लागते. बाहेरून भाजल्याने आतील रस कोंडला जातो, असे आजही अनेक जण सांगतात. तसे काही होत नाही; भाजायचे ते चवीसाठी. प्रथिने आणि शर्करा यांच्यातील या तांबूस करणाऱ्या क्रियेचे वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले, आणि ती पाण्यात नीट होत नाही, कारण पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणून आधी कोरडे, मग ओले, हा क्रम.

मांस बाजूला काढून त्याच पातेल्यात कांदा परतावा आणि बुडाला चिकटलेला तो तपकिरी थर पाण्याचा हबका मारून लाकडी पळीने खरवडून घ्यावा. तो थर घासून टाकणाऱ्या माणसाला मी स्वयंपाकघराबाहेर उभे करतो. त्यानंतर मांस, ते जेमतेम बुडेल एवढे पाणी, मिरी, तमालपत्र आणि अडीच ते तीन तास. रटरट उकळू देऊ नये. जोरात उकळल्याने तंतू आकसून मांस कोरडे पडते आणि चरबी रश्श्यात घुसळली जाऊन तो गढूळ होतो. गाजर आणि बटाटे शेवटच्या चाळीस मिनिटांत घालावेत, कारण पहिल्यापासून घातलेले गाजर तीन तासांनंतर केवळ रंगापुरते शिल्लक राहते.

कुकर असेल तर हेच काम साधारण एक-तृतीयांश वेळात होते. दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते, आणि कोलॅजेनला तेवढेच हवे असते. या भांड्याचा पूर्वज डेनिस पापिन याने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला, तोही हाडे मऊ करण्यासाठीच. म्हणजे हाडांचा रस्सा हा कुकरचा मूळ धर्म आहे, असे मी घरी सांगत असतो. चव मात्र उघड्या पातेल्याची थोडी उजवी असते, कारण तिथे रस्सा आटतो.

हा रस्सा करावा शनिवारी आणि खावा रविवारी. मांस रश्श्यातच निवू दिले तर ते काही रस परत शोषून घेते. शीतकपाटात रात्रभर ठेवल्यावर वर चरबीची पांढरी चकती गोठते, ती अखंड उचलून हवी तेवढीच ठेवता येते, आणि खाली रस्सा थरथरणाऱ्या जेलीसारखा दिसला तर सगळे बरोबर झाले असे समजावे.

लोण्याचा वकील

मंद आच यांनी लोण्यावर थोडा अन्याय केला आहे. स्निग्धांशामुळे जठर रिकामे व्हायला अधिक वेळ लागतो, आणि गाजर-भोपळ्यातील कॅरोटीन अंगी लागण्यासाठीही थोडा स्निग्धांश लागतोच. दोष सायीचा नसून, ती एकटीच होती हा आहे. कडधान्याच्या वाटीवर शेवटी चमचाभर लोणी सोडून पाहा.

आणखी एक. थंडी आहे म्हणून तिखट वाढवण्याची सवय अनेकांना असते. मिरचीतील कॅप्साइसिन जिभेवरील उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना डिवचते, त्यामुळे ऊब वाटते खरी. पण पुढे घाम येतो, आणि घामाचे काम शरीर थंड करण्याचे आहे. मी मिरचीच्या जागी आले आणि मिरी वापरतो. शास्त्र बाजूला ठेवले तरी तीन तास शिजलेल्या गाजराचा गोडवा तिखटाखाली पुरला जातो, ही माझी खरी तक्रार आहे.

वाफाळती वाटी

सर्वांचे मनापासून आभार. मसुराचे पातेले या आठवड्यात दोनदा केले आणि दोन्ही वेळा रात्री डब्यांची झाकणे वाजली नाहीत. मांसाच्या रश्श्याचे काम मी यजमानांकडे सोपवले आहे. ते सध्या पातेल्याच्या बुडाचा थर खरवडण्याविषयी घरात सर्वांना व्याख्यान देत आहेत.

रविवारचा घेवडा मात्र फसला. अडीच तास झाले तरी दाणे दाताखाली करकरत होते. प्रामाणिकपणे सांगायचे तर माझ्याकडून दोन गोष्टी झाल्या. कांदा परतताना रंग छान यावा म्हणून दोन टोमॅटो सवयीने आधीच पडले, आणि ते पडत असतानाच मला तुमचे वाक्य आठवले. दुसरे म्हणजे हा घेवडा कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात किती दिवसांपासून होता, ते मलाही सांगता येणार नाही. शेवटी सगळे कुकरमध्ये घालून वेळ निभावली. असे अडून बसलेले कडधान्य वाचवण्याचा काही उपाय आहे का?

आणखी एक विचारायचे आहे. आम्हाला एक विजेवर चालणारा स्लो कुकर भेट मिळाला आहे. सकाळी निघताना त्यात भिजवलेला राजमा घालून मंद तापमानावर ठेवला आणि संध्याकाळी सातला तयार जेवण मिळाले, तर पाच दिवसांचा प्रश्नच सुटेल असे वाटते. कोणी असे करते का?

मंद आच

राजमा तसा ठेवू नका. हे मी मुद्दाम पहिल्या ओळीत लिहितो आहे.

कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे एक विषारी प्रथिन असते. लाल राजम्यात त्याचे प्रमाण विशेष असते आणि चार-पाच कच्चे दाणेही त्रासाला पुरतात. खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांत जोराची मळमळ, उलट्या आणि मग जुलाब सुरू होतात. पूर्ण उकळी काढल्यास हे प्रथिन नष्ट होते, परंतु मंद तापमानावरील स्लो कुकरमध्ये पाणी ७५-८० अंशांच्या आसपासच रेंगाळू शकते, आणि अशा अर्धवट तापवण्याने विषारीपणा कमी होण्याऐवजी वाढू शकतो. दाणे मऊ झालेले दिसतात, म्हणून माणूस निर्धास्त होतो. मऊ होणे आणि निर्धोक होणे या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजमा किमान पाच तास भिजवून ते पाणी फेकावे, ताज्या पाण्यात ३० मिनिटे खळखळून उकळावा आणि त्यानंतरच तो स्लो कुकरमध्ये जावा. उघड्या पातेल्यात माझ्या पद्धतीने केलात तरी पांढऱ्या घेवड्याला दहा-पंधरा मिनिटे उकळी द्या असे मी लिहिले होते, ते राजम्यासाठी तीस मिनिटे वाचावे. प्रेशर कुकरमध्ये पूर्ण शिजलेल्या किंवा डबाबंद मिळणाऱ्या शिजवलेल्या राजम्याच्या बाबतीत ही काळजी उरत नाही.

अडून बसलेल्या घेवड्यासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा हा उपाय आहे, कारण अल्कलीमुळे पेक्टिन लवकर सुटते. चिमूट म्हणजे खरोखर चिमूट. जास्त झाला की दाण्याचा लगदा होतो आणि साबणासारखी चव येते. तुमच्या नळाचे पाणी जड असेल, म्हणजे भांड्यांवर पांढरे डाग राहत असतील, तर त्यातील कॅल्शिअमही दाणे कडक ठेवते. जुन्या कडधान्यावर मात्र कुकर हाच उपाय. आणि टोमॅटोचे म्हणाल, तर ते माझ्याकडूनही पडले आहेत, एकदा पाहुणे बसलेले असताना.

दुलईतले पातेले

स्लो कुकर नसतानाही पातेले आपोआप शिजत ठेवता येते, आणि त्यासाठी लागणारी सामग्री थंडीत प्रत्येक घरात असते. पूर्वी लोक उकळते भांडे गवत भरलेल्या पेटीत ठेवत. गवताऐवजी दुलई वापरली तरी तत्त्व तेच. भांड्यातील उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर अन्न आपल्याच उष्णतेवर शिजत राहते.

मी हे असे करते. जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे पातेले निदान तीन-चतुर्थांश भरलेले हवे, कारण अर्धे रिकामे भांडे फार लवकर निवते. भिजवलेले हरभरे किंवा मोठ्या फोडींची कंदमुळे आणि जव पंधरा मिनिटे चांगले उकळू द्यायचे. झाकण एकदाही न उघडता पातेले लाकडी फळीवर ठेवायचे, त्याभोवती दोन जाड टॉवेल आणि वर दुलई गुंडाळायची. जव आणि कंदमुळांना दोन-अडीच तास, हरभऱ्यांना चार तास लागतात. उघडल्यावर पुन्हा एकदा उकळी काढूनच वाढायचे. पातेले ६० अंशांच्या खाली जाऊन कोमट अवस्थेत पडून राहिले तर जिवाणूंना आवडते हवामान मिळते, म्हणून मी ते पाच तासांपेक्षा जास्त ठेवत नाही आणि दिवसभर बाहेर असताना तर मुळीच नाही. राजमा आणि मांस या पद्धतीने मी करत नाही.

पहिल्यांदा केले तेव्हा पातेले सोफ्यावर दुलईत गुंडाळून ठेवले होते. शेजारच्या काकू आल्या, त्यांनी दुलईकडे पाहिले आणि जाईपर्यंत माझ्याशी कुजबुजत्या आवाजात बोलल्या. जाताना दारात विचारले, "ताप आहे का?"

उंचावरचा

कोणी डोंगराळ, उंच भागात राहत असेल तर वरील सर्व वेळा वाढवून घ्याव्यात. उंची साधारण ३०० मीटर वाढली की पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. २,००० मीटरवर पाणी ९३ अंशांच्या सुमारास उकळते आणि खळखळणारे पातेलेही मैदानातल्याइतके गरम नसते. इथे मी कुकरशिवाय घेवड्याच्या वाटेला जात नाही.

सात वाजता घरी

उरलेल्या जेवणाबद्दल कोणीच लिहिले नाही, आणि या सगळ्या पातेल्यांत उरतेच उरते. थंडी आहे म्हणून रात्रभर ओट्यावर राहिले तरी चालेल, असे आमच्याकडे फार दिवस चालत असे. घराच्या आत तेवढी थंडी नसते, आणि मोठे भरलेले पातेले मधोमध कोमट राहायला कितीतरी तास घेते. जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत दोन-तीन पसरट डब्यांत काढून शीतकपाटात ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. भाताबाबत विशेष जपावे. त्यातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात ते पुन्हा वाढतात. बटाटा घातलेले पातेले गोठवून ठेवू नये, कारण वितळल्यावर बटाटा पाणचट आणि रवाळ होतो. मसूर आणि घेवडा मात्र सुरेख गोठतात. जव रात्रीत रस्सा पिऊन सगळे घट्ट करतो, म्हणून सकाळी पाणी घालून गरम करावे आणि मीठ नव्याने चाखावे.

कच्चे बटाटेही शीतकपाटात ठेवू नका. फार थंड जागेत त्यांतील पिष्टाची शर्करा होते, चव गोडसर लागते आणि परतताना ते लगेच काळपट होतात. थंडीत गाजर गोड लागते त्यामागे असेच कारण आहे. गाजराच्या बाबतीत त्याचे आपण कौतुक करतो, बटाट्याच्या बाबतीत नाही.

वाफाळती वाटी

राजम्याबद्दल वेळेवर सांगितल्याबद्दल ऋणी आहे. स्लो कुकर आता सुटीच्या दिवसांपुरता, आधी उकळून घेतलेल्या कडधान्यांसाठी ठेवला आहे.

या रविवारी घेवडा पुन्हा केला. नवीन आणला, मिठाच्या पाण्यात भिजवला, आणि टोमॅटो हाताशी येऊ नयेत म्हणून आधीच धुऊन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवले. पावणेदोन तासांनी चमच्यातील दाण्यांवर फुंकर मारली तेव्हा साल अगदी लिहिल्याप्रमाणे उचलली गेली; ते पाहण्यासाठी घरातील सगळे चमच्याभोवती जमले आणि प्रत्येकाने एकेकदा फुंकर मारून घेतली. दोन पळ्या घोटून परत घातल्यावर आलेला दाटपणा पाहता सायीची आठवणही झाली नाही, मात्र लोण्याच्या वकिलांचा मान राखून वाटीत अर्धा चमचा लोणी सोडले. लिंबाचे प्रमाण मला अजून साधलेले नाही. पहिल्या वाटीत ते कमी वाटले आणि दुसऱ्या वाटीत जास्त.

सोमवारी संध्याकाळी उरलेले गरम करावे म्हणून सात वाजता शीतकपाट उघडले, तर डबा जागेवर होता, आत एक चमचा होता आणि तळाशी चार दाणे. मी पुन्हा मसूर चढवले.